शून्याचा इतिहास : गोलरक्षक शंकर लक्ष्मण

१.
मेलबर्न १९५६, रोम १९६०, टोकियो १९६४. ऑलिंपिक हॉकीचे हे सलग तीन अंतिम सामने. तिन्ही वेळा भारतासमोर पाकिस्तान होता आणि तिन्ही वेळा भारताच्या गोलपुढे एकच माणूस उभा होता. प्रत्येक सामना ७० मिनिटांचा, म्हणजे एकूण २१० मिनिटे. एवढ्या वेळात त्या माणसाला चुकवून चेंडू केवळ एकदा आत गेला. त्याचे नाव शंकर लक्ष्मण. दोन सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवणाऱ्या या सैनिकाची ही कहाणी.

२.
या कहाणीत इतिहासाच्या अभ्यासकाला एक अडचण आरंभीच भेटते. हॉकीच्या सामन्याची नोंद उघडली, की त्यात गोल कोणी केला आणि कितव्या मिनिटाला केला हे सापडते. गोल कोणी होऊ दिला नाही, हे मात्र तेथे नसते. आघाडीपटूचे यश घटना म्हणून नोंदले जाते. गोलरक्षकाचे यश म्हणजे घटना न घडणे. न घडलेल्या गोष्टीला दप्तरात रकाना नसतो. तेथे उरते ते एक शून्य.

३.
प्रथम भूगोल. शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी इंदूरजवळच्या महू येथे झाला. महू ही मुळात लष्करी छावणी. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर माळव्यावर लक्ष ठेवण्यासाठी इंग्रजांनी येथे फौज बसवली. मराठी सत्तेच्या अस्ताबरोबर जन्मलेले हे गाव पुढे शंभर-सव्वाशे वर्षे बिगुलाच्या आवाजावर उठत आणि झोपत राहिले.

४.
महूचे कोकणाशी नातेही लष्करामुळेच जडले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ नोकरीनिमित्त याच छावणीत होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव आंबेडकरांचा जन्म येथेच झाला. त्या काळी कोकणातला माणूस देशावरच नव्हे तर थेट माळव्यात जाऊन पोहोचत असे, तो पुष्कळदा पलटणीच्या वाटेने.

५.
गोऱ्या पलटणींनी आपल्याबरोबर खेळही आणले. छावणीच्या मैदानांवर सोल्जरांचे सामने होत आणि बाहेर उभी असलेली पोरे ते पाहून शिकत. याच महूत १९१७ मध्ये किशनलाल यांचा जन्म झाला. १९४८ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर ब्रिटनला ४-० असे हरवून स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या हॉकी संघाचे ते कर्णधार. छावणीने दिलेला खेळ छावणीच्याच मालकांवर असा उलटला.

६.
शंकर लक्ष्मण यांचा पहिला खेळ मात्र हॉकी नव्हता. ते फुटबॉल खेळत आणि महूशेजारच्या कोदरिया गावच्या संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. १९४७ मध्ये ते सैन्याच्या बँडमध्ये भरती झाले. वय अवघे १४. हॉकीची स्टिक त्यांच्या हाती आली ती पलटणीत. पायाने चेंडू अडवण्या-मारण्याची फुटबॉलची सवय पुढे गोलरक्षकाच्या कामी आली असणार, कारण हॉकीत पायाने चेंडू टोलवण्याची मुभा एकट्या गोलरक्षकालाच असते.

७.
त्या पिढीच्या खेळाडूंच्या चरित्रांत सैन्य पुन:पुन्हा का भेटते? उत्तर साधे आहे. व्यावसायिक खेळ नव्हता, प्रायोजक नव्हते. गरीब घरच्या मुलाला दोन वेळचे पोटभर जेवण, पायात बूट, रोजचा सराव आणि महिनाअखेर पगार या चारही गोष्टी एकत्र देणाऱ्या जागा मोजक्याच होत्या : सैन्य, रेल्वे, पोलीस आणि काही गिरण्या-कंपन्या. भारतीय फुटबॉलचे थोर गोलरक्षक पीटर थंगराज हेही मद्रास रेजिमेंटचेच. दोघांचे मैदान वेगळे, पण घडण एकाच साच्यातली.

८.
शंकर लक्ष्मण यांची पलटण होती मराठा लाइट इन्फन्ट्री. १७६८ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या तुकडीपर्यंत आपली परंपरा नेणारी ही रेजिमेंट. तिचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, सावंतवाडी तालुक्यात, गोव्याच्या वेशीवर इन्सुली आहे. तेथून खालचा रस्ता फुटबॉलवेड्या गोव्यात उतरतो, तर सावंतवाडीहून आंबोली घाट चढणारा रस्ता बेळगावला, या केंद्राकडे जातो. या पट्ट्यातील कित्येक घरांना ती घाटवाट भरतीची वाट म्हणून ठाऊक आहे. महूचा हा गोलरक्षक त्या अर्थाने त्यांच्याच पलटणीतला गडी.

९.
त्या काळचा हॉकी गोलरक्षक आजच्यासारखा चिलखत घालून उभा नसे. गोलची चौकट ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. समोरून येणारा चेंडू दगडासारखा कठीण आणि वजनाने सुमारे १६० ग्रॅम. संरक्षणाला पायांवर क्रिकेटसारखी पॅड आणि हातमोजे. शिरस्त्राण नाही, चेहऱ्यावर जाळी नाही, छातीवर कवच नाही. मैदान गवताचे. कुठे ढेकूळ लागून चेंडू उसळेल आणि थेट तोंडावर येईल, याचा नेम नसे.

१०.
सर्वांत अवघड घटका पेनल्टी कॉर्नरची. गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलला जाई. अर्धवर्तुळाच्या टोकाशी उभा असलेला खेळाडू तो हाताने थांबवी, तशी तेव्हा मुभा होती. पुढच्या क्षणी दुसरा खेळाडू सुमारे १५ मीटरवरून पूर्ण ताकदीने फटका मारी. गोलरक्षकाच्या हाती अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा वेळ. तेवढ्यात अंदाज घ्यायचा, शरीर मध्ये घालायचे आणि परतलेला चेंडू कोणा प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर जाणार नाही, अशा दिशेने टोलवायचा.

११.
१९५५ पर्यंत शंकर लक्ष्मण सेनादलाच्या संघात पोहोचले आणि पुढच्याच वर्षी भारतीय संघाबरोबर मेलबर्नला गेले. संघात दुसरे गोलरक्षक होते अनुभवी रंगनाथन फ्रान्सिस. त्या स्पर्धेची आकडेवारी थक्क करणारी आहे. अफगाणिस्तान १४-०, अमेरिका १६-०, सिंगापूर ६-०, उपांत्य सामन्यात जर्मनी १-० आणि अंतिम सामन्यात पाकिस्तान १-०. भारताचे गोल ३८, भारताविरुद्ध शून्य.

१२.
पण आकडेवारीही साधनच. तिचीही चिकित्सा करावी लागते. पाच सामन्यांतील पाच शून्ये कागदावर सारखी दिसतात, मात्र त्यांची किंमत सारखी नाही. १६-० च्या सामन्यात गोलरक्षकाला बहुधा थंडी वाजत असावी. १-० च्या सामन्यात मात्र एक चूक म्हणजे बरोबरी आणि दोन चुका म्हणजे पराभव. शेवटची दोन शून्ये पहिल्या तिन्हींहून जड आहेत.

१३.
मेलबर्नचा अंतिम सामना ६ डिसेंबर १९५६ रोजी झाला. कर्णधार बलबीरसिंग बोटाला दुखापत असतानाही खेळत होते. समोरच्या पाकिस्तानी संघात अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान होते. हे दोघेही १९४८ साली लंडनमध्ये भारताकडून सुवर्णपदक जिंकलेले खेळाडू! फाळणीने एकाच ड्रेसिंगरूमचे दोन भाग केले होते. हा सामना नुसता क्रीडास्पर्धेचा का नव्हता, हे समजण्यास एवढी एक नोंद पुरे.

१४.
भारताचा एकमेव गोल रणधीरसिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केला. भारताचे हे ऑलिंपिक हॉकीतील सलग सहावे सुवर्ण. नोंदीत जेंटल यांचे नाव राहिले, ते योग्यच. पण १-० या निकालात दोन अंक असतात. त्यातला एक जेंटल यांनी लिहिला आणि दुसरा कोरा ठेवण्याचे काम २३ वर्षांच्या शंकर लक्ष्मण यांनी केले.

१५.
त्याच मेलबर्नमध्ये भारताचा फुटबॉल संघही उतरला होता. नेव्हिल डिसूझा यांच्या तीन गोलांच्या बळावर त्याने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि स्पर्धेत चौथे स्थान मिळवले. ऑलिंपिकमधील भारतीय फुटबॉलची ती आजवरची सर्वोच्च कामगिरी. त्या संघाचे गोलरक्षक होते थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण. डिसूझांच्या तीन गोलांची गोष्ट फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ असते. गोलरक्षकांची नावे विचारली, तर बहुतेकांना आठवावे लागते.

१६.
तेच वर्ष इंग्लंडमध्येही एका गोलरक्षकाचे होते. ५ मे १९५६ रोजी वेम्बलीवर एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचे बर्ट ट्राउटमन प्रतिस्पर्धी खेळाडूवर आदळले. वेदना सोसत ते शेवटपर्यंत खेळले आणि सिटीने बर्मिंगहॅमला ३-१ असे हरवले. मानेचे हाड मोडले होते, हे काही दिवसांनी कळले. महायुद्धातला हा जर्मन युद्धकैदी त्यामुळे इंग्लंडमध्ये आख्यायिका बनला.

१७.
ट्राउटमन यांचा पराक्रम थोर होताच, पण तो स्मरणात का राहिला याचीही कारणे आहेत. वेम्बलीवर चित्रीकरणाचे कॅमेरे होते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे होती आणि क्ष-किरणाच्या चित्रावर मोडलेले हाड होते. न झालेल्या गोलला तेथे एक दृश्य पुरावा मिळाला. भारतात १९५६ मध्ये हॉकीचा अंतिम सामना बहुतेकांनी वाचला किंवा ऐकला, पाहिला जवळजवळ कोणीच नाही. स्मृती पुष्कळदा पराक्रमाच्या मापाने टिकत नाही, साधनांच्या मापाने टिकते.

१८.
१९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत हॉकीचा प्रथमच समावेश झाला. भारत-पाकिस्तान सामना ०-० असा सुटला आणि गोलांच्या सरासरीवर सुवर्ण पाकिस्तानला गेले. गोलरक्षणाच्या कलेवर नियतीने केलेला याहून कठोर विनोद सापडणे कठीण. प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू दिला नाही, तरी पदक रुप्याचेच.

१९.
मग रोम. ९ सप्टेंबर १९६०. १९२८ पासून ऑलिंपिक हॉकीत भारत एकही सामना हरला नव्हता. पूर्वार्धातच पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी गोल केला. उरलेल्या वेळात भारताच्या आघाडीला त्याची परतफेड करता आली नाही. ०-१. बत्तीस वर्षांची मालिका तुटली. शंकर लक्ष्मण यांच्या तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांतला तो एकच गोल, आणि नेमका तोच इतिहासाच्या पानावर ठळक अक्षरांत उतरला.

२०.
येथे नोंदीचा अन्याय स्पष्ट दिसतो. त्या दिवशी भारताच्या आघाडीने गोल केला नाही, ही गोष्टही शून्याच्याच रूपात नोंदली गेली आणि म्हणून कोणा एकाच्या नावावर लागली नाही. आघाडीपटूचे अपयश अकरा जणांत वाटले जाते. गोलरक्षकाचे अपयश मात्र मिनिटासकट लिहून ठेवले जाते.

२१.
चार वर्षांनी पुन्हा तेच दोन संघ. टोकियो, २३ ऑक्टोबर १९६४. कर्णधार चरणजितसिंग. पूर्वार्ध गोलशून्य. उत्तरार्धात पृथीपालसिंग यांचा पेनल्टी कॉर्नरवरचा फटका गोलमध्ये जाण्यापूर्वी पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाला लागला आणि भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. मोहिंदरलाल यांनी तो अचूक मारला. १-०. सामन्याचा जवळजवळ अर्धा तास अजून शिल्लक होता.

२२.
त्या अर्ध्या तासात पाकिस्तानने हल्ल्यामागून हल्ले केले. पेनल्टी कॉर्नर मारण्यात दार निष्णात होते. शंकर लक्ष्मण यांनी काहीही आत जाऊ दिले नाही. ऑस्ट्रेलियातील एका हॉकी नियतकालिकाने नंतर लिहिले, की त्या दिवशी लक्ष्मण यांना हॉकीचा चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा. कोदरियाच्या फुटबॉल संघाची गोष्ट त्या लेखकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी उपमा नेमकी तीच सुचली.

२३.
सुवर्ण परत आले. १९६४ साठीचा अर्जुन पुरस्कार शंकर लक्ष्मण यांना मिळाला. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेसाठी त्यांना कर्णधार नेमण्यात आले. भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व करणारे ते पहिले गोलरक्षक. मैदानाच्या एका टोकाला उभ्या असलेल्या माणसाने संघ कसा हाकावा, हा आक्षेप तेव्हा जगभर होता. इंग्लंडच्या फुटबॉल संघानेही विसाव्या शतकात गोलरक्षकाला कर्णधार केले ते १९४८ मध्ये, इटलीविरुद्ध तुरिनला. ते गोलरक्षक म्हणजे फ्रँक स्विफ्ट, मँचेस्टर सिटीत ट्राउटमन यांचे पूर्वसूरी.

२४.
आक्षेपाला उत्तर असे, की अकरा खेळाडूंपैकी गोलरक्षक हा एकटाच सारा वेळ संपूर्ण मैदान समोरून पाहत असतो. स्विफ्ट यांच्या इंग्लंडने तुरिनला ४-० असा विजय मिळवला. शंकर लक्ष्मण यांच्या भारताने बँकॉकच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला जादा वेळेत १-० असे नमवले. आशियाई स्पर्धेतील भारताचे हे पहिले हॉकी सुवर्ण. निकालाच्या उजव्या बाजूला पुन्हा तेच शून्य. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२५.
आणि मग दार बंद झाले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. त्या संघाला पृथीपालसिंग आणि गुरबक्षसिंग असे दोन संयुक्त कर्णधार देण्यात आले होते. भारताला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. ऑलिंपिक हॉकीत भारत पहिल्या दोघांत नसण्याची ती पहिलीच वेळ. शंकर लक्ष्मण यांनी खेळ सोडला आणि पलटणीची नोकरी चालू ठेवली. १९७९ मध्ये ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कॅप्टन या हुद्द्यावर निवृत्त झाले. बँडमधल्या पोराचा कॅप्टन होणे, हा प्रवासही लहान नव्हे.

२६.
अखेरची वर्षे महूतच गेली. पायाला गँगरीन झाले. उपचारांसाठी पैशांची ओढाताण असल्याच्या बातम्या छापून आल्या. २९ एप्रिल २००६ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या पायांनी तीन ऑलिंपिक अंतिम सामने अडवून धरले, त्यांतल्याच एका पायाचे दुखणे जिवावर बेतले. तीन ऑलिंपिक पदके जिंकलेले भारतीय आजही मोजकेच आहेत. त्यांतल्या एकाच्या वाट्याला ही अखेर यावी, याची नोंद तरी नीट राहायला हवी.

२७.
या विस्मरणाची कारणे व्यक्तीपेक्षा मोठी आहेत. खेळ हौशी होता, त्यामुळे पदकाबरोबर पैसा येत नसे. १९७६ पासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, गवतावरची भारतीय शैली मागे पडली आणि १९८० नंतर पदकेच आटली. पुढच्या पिढ्यांचे लक्ष क्रिकेटकडे वळले. ज्या खेळाचा वर्तमान क्षीण होतो, त्याचा भूतकाळ वाचणारेही कमी होतात. आणि उरलेल्या स्मृतीत जागा मिळते ती गोल करणाऱ्यांना.

२८.
ऑगस्ट २०२१ मध्ये, टोकियोतच, भारताने जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिक हॉकीचे पदक मिळवले. अखेरच्या काही सेकंदांत जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर पी. आर. श्रीजेश यांनी अडवला आणि गोलच्या चौकटीवर चढून बसलेल्या श्रीजेश यांचे छायाचित्र घरोघर पोहोचले. २०२४ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा १६ क्रमांकही निवृत्त करण्यात आला. कॅमेरा आला आणि न झालेला गोल प्रथमच सर्वांना दिसला. त्याच ऑगस्ट महिन्यात मेलबर्नच्या फुटबॉल संघातले एस. एस. नारायण ठाण्यात वारले. ती बातमी वाचणारे थोडे होते.

२९.
इतिहासाच्या साधनांत अशी शून्ये पुष्कळ असतात. कधीच न पडलेला किल्ला, साथ न पसरलेले गाव, वेळेवर दुरुस्त झाल्याने न फुटलेला बंधारा. पडलेल्या किल्ल्याची बखर लिहिली जाते. न पडलेल्या किल्ल्याच्या हवालदाराचे नाव शोधण्यासाठी हजेरीपट आणि जमाखर्च चाळावे लागतात. क्रीडेच्या इतिहासातही संघांच्या याद्या, सामन्यांचे वृत्तान्त आणि खेळलेल्यांच्या मुलाखती एकमेकांशेजारी ठेवूनच शून्यामागचा माणूस दिसू लागतो.

३०.
मेलबर्न १-०, रोम ०-१, टोकियो १-०. या तीन ओळी यापुढे कोठे वाचनात आल्या, तर मेलबर्न आणि टोकियोच्या ओळींतल्या शून्यांवर क्षणभर थांबावे. ती कॅप्टन शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फन्ट्री, यांनी लिहिलेली आहेत.